म्हाळसाची रिकामी तागडी

हरिबा गुरुजींच्या नजरेत म्हाळसा पहिल्यांदा भरली ती एका रिकाम्या तागडीमुळे.

साल १९९३. बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या मराठी शाळेत गुरुजी चौथीला वजनं शिकवत होते. समोरच्या दुकानातून तागडी मागून आणली होती, सोबत अर्ध्या किलोचं वजन आणि पिशवीभर शेंगदाणे. एकेकाने पुढे यायचं आणि अर्धा किलो मोजून दाखवायचं. अकरा पोरं मोजून गेली. बारावी आली ती मागच्या ओळीतली, केसांत लोकरीचा पुंजका अडकलेली एक मुलगी. तिने वजनाला हात लावला नाही. तागडी रिकामीच उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि काटा थांबेपर्यंत बघत उभी राहिली. वर्ग खिदळायला लागला.

"कामून गं, हवा मोजायलीस का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई गुरुजी. आधी तागडी खरी हाय का बघायलेय."

"हे कुणी शिकवलं?"

"अप्पा लोकर इकताना असंच करतेत. रिकामी बघितल्याबगर लोकर घालूच देत न्हाईत."

काटा एका अंगाला जरासा झुकत होता. तिने वर गेलेल्या पारड्यात चार शेंगदाणे टाकले, काटा मधोमध आला, मगच वजन उचललं. म्हणजे आधीच्या अकरा पोरांचं माप चुकलेलं होतं, आणि सुरुवातीला गुरुजींनी स्वतः करून दाखवलेलंही.

मुलगी काशाप्पाची होती. काशाप्पाकडे तेव्हा शंभराच्या वर मेंढरं. दिवाळीनंतर तो मेंढरांचं खांड घेऊन बाहेर पडायचा, मांजरा नदीच्या अंगाने जायचा आणि मृगाच्या आधी परत यायचा. बायको तुळजा आणि दोन पोरं घरी राहायची. त्या दिवशी संध्याकाळी गुरुजी त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, "पोरीला शाळेतून काढू नको." काशाप्पा हसला. "काढून काय करू? मेंढरं तिला घाबरतेत. रोज कान बघती एकेकाचे."

शाळेतून तिला कुणी काढलं नाही. दहावी झाली, बारावी झाली, बिदरला राहून तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. थोरला भाऊ सुनीलकुमार तोवर हैदराबादला गेला होता, तिथे शाळेची गाडी चालवायचा. आसपासच्या घरांतली बहुतेक तरुण पोरं अशीच पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली. काशाप्पाची मेंढरं चाळीसवर आली. २००५ मध्ये म्हाळसाला गुलबर्ग्याच्या एका खासगी लॅबमध्ये नोकरी लागली. काशाप्पा जो भेटेल त्याला सांगायचा, "पोरगी माणसाचं मास कापून काचंवर लावती." ऐकणारा दचकला की त्याला फार बरं वाटायचं.

काम खरंच तसं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा लहानसा तुकडा लॅबमध्ये यायचा. म्हाळसा तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायची आणि ठोकळ्याचे केसाहून बारीक काप काढून काचेवर चिकटवायची. मग रंग द्यायची. रंगलेली काच विजयश्री मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून आजाराचं नाव लिहायच्या. लॅब त्यांचीच. हैदराबादेत शिकलेल्या, बोलायला कडक, पण चूक मान्य केली तर रागावत नसत.

२००९ च्या शिवरात्रीच्या सुमाराला काशाप्पाच्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती. बोरापासून सुरुवात होऊन महिन्याभरात ती लिंबाएवढी झाली. म्हाळसाने त्याला गुलबर्ग्याला बोलावून घेतलं. एकटा जायला तो तयार नव्हता आणि गुरुजी आदल्याच वर्षी निवृत्त झालेले, म्हणून तेही बरोबर गेले. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला, शेंगदाण्याएवढा. तो आपल्याच लॅबमध्ये आला तेव्हा म्हाळसाने मेणात बसवला.

साध्या रंगात मॅडमना एवढंच दिसलं की पेशी वाईट आहेत. कुठल्या, ते कळेना. त्या संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीत म्हाळसाने भाकरी थापता थापता दोघांना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवण्याची तिला सवय नव्हती.

"दोन गोष्टी असू शकतेत, अप्पा. एक, आजार त्या गाठीतच उठला असंल. तसं असंल तर औषधं हेत, माणूस वर्षानुवर्षं काढतोय. दुसरी, आजार दुसरीकडंच कुठं तरी असंल आन तिथनं गाठीत येऊन बसला असंल."

"आन तसं असंल तर?"

म्हाळसाने भाकरी उलटली. "मग औषधाला फारसं काही करता येत न्हाई."

हे कसं ओळखतात ते गुरुजींनी विचारलं. ती म्हणाली, लोकर, शिंग, नख, केस हे सगळं ज्याचं बनतं त्याला केराटिन म्हणतात. आपल्या कातडीत ते असतं, पोटातल्या, फुप्फुसातल्या अस्तराच्या पेशींतही असतं. मानेतल्या असल्या गाठीत मात्र नसायला पाहिजे. अँटिबॉडी म्हणून एक औषध मिळतं, ते फक्त केराटिन शोधून त्याला चिकटतं, दुसऱ्या कशाला नाही. चिकटलं की तिथे तपकिरी रंग चढवता येतो.

"म्हंजे माझ्या मानंत लोकर हाय का बघणार म्हण की," काशाप्पा म्हणाला. "मेंढरं राखून राखून आत शिरली असंल."

म्हाळसा हसली नाही. काशाप्पाच पुन्हा म्हणाला, "कळलं. दुसऱ्याच्या खांडातलं मेंढरू आपल्या वाड्यात शिरलंय का, ते कानाची खूण बघून ठरवायचं."

"व्हय, अप्पा. तसंच."

"मग तू बघ. तुला कान बघायची सवय हाय."

अडचण अशी होती की लॅबमधल्या अँटिबॉडीच्या बाटलीची मुदत संपून गेली होती. कुरिअरने नवी यायला दहा-बारा दिवस लागत. म्हाळसाला तेवढा धीर नव्हता. तिने मॅडमना विचारून हैदराबादच्या विक्रेत्याकडे फोनवर मागणी नोंदवली आणि सुनीलकुमारला सांगितलं, तू घेऊन बिदरपर्यंत ये. काशाप्पा तोवर गावी परतला होता आणि टाके काढायला त्याला पुन्हा गुलबर्ग्याला जायचंच होतं. तेव्हा बिदरच्या स्टँडवर सुनीलकुमारने डबा द्यायचा आणि काशाप्पाने आणि गुरुजींनी तो पुढे न्यायचा असं ठरलं. फोनवर म्हाळसाने गुरुजींना दोनदा बजावलं, "डबा थंड राहू द्या. सील फोडू नका."

थर्मोकोलचा तो डबा गुरुजींच्या तळहातावर मावेल एवढाच होता. हैदराबादेतून निघताना भोवती बर्फाच्या थंड पिशव्या लावून तो सगळा मोठ्या पिशवीत घातलेला. डब्यावर एक निळी चांदणी छापली होती, सहा टोकांची, आणि तिच्यावर तिरकी लाल रेघ.

बस बिदरहून निघाली आणि हुमनाबादच्या अलीकडे थांबली. पुढे रास्ता रोको. दुपार झाली, गाड्यांची रांग मागे दिसेनाशी झाली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, आज काही खरं नाही. गुरुजींची बहीण चांगुणाबाई तिथून जवळ निर्ण्याला दिलेली होती. दोघं जीपने तिच्याकडे गेले.

चांगुणाबाईने पाणी दिलं आणि भावाकडे बघून म्हणाली, "बहिणीकडं यायला रस्ताच बंद पडावं लागतंय तुमाला." गुरुजी ओशाळं हसले. काशाप्पाचं लक्ष पिशवीकडे होतं. त्याने आत हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, बर्फाचं पाणी झालं."

काशाप्पाला लशीचा अनुभव होता. काही वर्षांपूर्वी मेंढरांना रोगाची लस टोचायची म्हणून त्याने ती बिदरहून आणली होती. वाटेत सायकल पंक्चर झाली, बर्फ वितळला, लस तशीच टोचली, आणि पंधरा दिवसांत बावीस मेंढरं गेली. तेव्हापासून तो लस आणायला गेला की बर्फाचा गोळा डोक्याएवढा घ्यायचा. औषध दगडासारखं राहिलं तर जिवंत, एवढं त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. मेंढरांच्या त्या लशीबाबत ते खरंही होतं.

तो लगेच उठला. निर्ण्यात शरणप्पाचं जनावरांच्या औषधांचं दुकान होतं आणि दुकानात लशी ठेवायचा मोठा फ्रीजर. काशाप्पाने शरणप्पाला डबा दाखवला. "अण्णा, माणसाची लस हाय. उद्या सकाळपातुर तुमच्या पेटीत असू द्या. पार खाली, जिथं घट्ट होतंय तिथं." शरणप्पाने काही विचारलं नाही. मेंढरं राखणारी माणसं त्याच्याकडे असं नेहमीच सांगत येत.

डबा आत ठेवायच्या आधी काशाप्पाने तो गुरुजींपुढे धरला. "गुरुजी, ह्या चांदणीवर रेघ कशाला वढली?"

गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं. चांदणीखाली काही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर त्यांनी ते अक्षर न अक्षर वाचलं असतं. "कंपनीचा शिक्का असंल," ते म्हणाले.

सकाळी डबा बाहेर काढला तेव्हा त्यावर बर्फाचा पांढरा थर साचला होता. काशाप्पाने तो कानाजवळ हलवून पाहिला. आत काही हललं नाही. "आता बरोबर झालं," तो म्हणाला. रस्ता मोकळा झाला होता. शरणप्पाकडून घेतलेल्या ताज्या बर्फात डबा गुंडाळून त्यांनी तो गुलबर्ग्यापर्यंत नेला. उन्हाळ्यातला लांबचा रस्ता, बर्फ बराच वितळला, आणि म्हाळसाच्या हातात दिला तेव्हा डबा फक्त गार लागत होता. तिने वेळ घालवला नाही.

दुसऱ्या दिवशी टाके काढून झाल्यावर दोघं लॅबच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. काप काचेवर चिकटवल्यावर ते पाण्यात घालून कुकरमध्ये उकळावे लागतात, तसं केल्याशिवाय अँटिबॉडी चिकटत नाही, हे म्हाळसाने सकाळीच सांगितलं होतं.

"गुरुजी," काशाप्पा म्हणाला, "पोरगी बापाचं मटण शिजवायली."

"गप बस की, काशाप्पा."

"मीठ घालती का इचारा."

दुपारी तो कोपऱ्यावर चहा प्यायला गेला आणि गुरुजी बाकावर एकटे राहिले. तेवढ्यात आतलं दार उघडलं. म्हाळसा बाहेर आली. हातमोजे अजून हातात होते. गुरुजींनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं, पण असा सैल पडलेला चेहरा कधी पाहिला नव्हता.

"रंग चढला न्हाई, गुरुजी."

"म्हणजे?"

"केराटिन न्हाई. कुठंच न्हाई. अप्पाची काच कोरी हाय." ती भिंतीला टेकली. "मॅडमना दाखवते. तुमी सांगा अप्पाला."

गुरुजी जवळजवळ पळतच कोपऱ्यापर्यंत गेले. निवृत्त झाल्यापासून इतक्या वेगाने ते कधी चालले नव्हते. काशाप्पाने ऐकलं, कप खाली ठेवला आणि चहावाल्याचाच मोबाइल मागून सुनीलकुमारला फोन लावला. "आपल्या वाड्यात दुसऱ्याचं मेंढरू न्हाई रे," एवढंच म्हणाला आणि फोन परत दिला. मग त्याने चहावाल्याला गुरुजींसाठी आणखी एक चहा सांगितला.

गुरुजी परत आले तेव्हा म्हाळसा बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर थर्मोकोलचा डबा होता.

"गुरुजी, हे वाटंत कुठं ठेवलं होतं?"

त्यांनी सांगितलं. सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. तो वाक्याच्या शेवटापर्यंत टिकला नाही.

म्हाळसाने त्यांना समजावलं. मॅडमनी शिकवलेला नियम असा की प्रत्येक वेळी रोग्याच्या काचेबरोबर आणखी एक काच रंगवायची, कुणाच्या तरी निरोगी कातडीची. कातडीत केराटिन असतंच, तेव्हा त्या काचेवर रंग चढायलाच पाहिजे. चढला तर औषध जिवंत आहे. आधी ती काच बघायची, मग रोग्याची. चार वर्षांत तिने हा क्रम एकदाही मोडला नव्हता. मॅडमनी त्याचं कौतुक केलं की ती म्हणायची, हे मला आमच्या अप्पानं शिकवलंय.

"आज मी अप्पाची काच आधी बघितली. हात ऐकला न्हाई. मग मॅडमनी इचारलं, कातडीची बघितलीस का." तिने मांडीवरचा डबा फिरवला. "ती बी कोरीच हाय, गुरुजी. औषधच मेलेलं हाय. आजच्या काचंला काही अर्थ न्हाई."

तिने बोटाने निळी चांदणी दाखवली. "हा बर्फ हाय. वर रेघ म्हंजे गोठवू नका."

"बर्फ असा असतो?"

"आभाळातनं पडताना असा असतोय म्हणं. मी बी कुठं बघितलाय?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना आधी नीट वाच, मग उत्तर दे असं शिकवलं होतं. म्हाळसा म्हणाली, "मी थंड ठेवा म्हणले, गोठवू नका म्हणले न्हाई. चूक माझी हाय. अप्पाला यातलं काही सांगू नका."

तुकडा आधीच लहान होता. ठोकळ्यात आता तीन-चार काप निघतील एवढंच मांस उरलं होतं. नवी बाटली मागवली, या वेळी कुरिअरने. बारा दिवस.

गुरुजी काशाप्पाकडे गेले. तो पायरीवर बसून तंबाखू मळत होता. "काशाप्पा, ते अजून एकदा बघणार हेत म्हणे."

त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग म्हणाला, "बघू द्या. तागडी दोनदा बघितलेली बरी."

ते बारा दिवस गुरुजी रोज संध्याकाळी काशाप्पाच्या मेंढरांच्या वाड्याकडे जात. काही तरी निमित्त काढून बसत. तुळजा त्यांच्यापुढे ताक ठेवी आणि विचारी, "पोरीचा फोन आलता का?" गुरुजी नाही म्हणत. गाठ लिंबाएवढीच आहे की वाढली, हे काशाप्पाच्या मानेकडे न बघता कसं बघावं ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. काशाप्पा मात्र गावभर सांगत होता की हैदराबादची लस आपण कशी राखली, निर्ण्यात कशी सोय केली, बर्फ वितळला तर सगळं फुकट गेलं असतं. ऐकणारे माना हलवत. गुरुजीही हलवत.

तेराव्या दिवशी म्हाळसा न कळवता गावी आली. बस स्टँडवरून आधी गुरुजींच्या घरी गेली आणि म्हणाली, "चला माझ्यासंगं." वाटेत तिने सांगितलं. आधी कातडीची काच बघितली. दाट तपकिरी. मग वडिलांची. तीही तशीच, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मॅडम म्हणाल्या, बहुतेक फुप्फुसातून आलं असणार.

काशाप्पा वाड्यात एका कोकराच्या खुरातला काटा काढत बसला होता. पोरीला बघून त्याने कोकरू सोडलं नाही.

"चढला व्हय रंग?"

"चढला, अप्पा."

त्याने काटा काढला, बाजूला टाकला, खुरावर अंगठा दाबून धरला. कोकरू धडपडत होतं.

"म्हंजे मी आणलेलं औषध चांगलं निघालं," तो म्हणाला. "पहिल्या बारीला तुमचंच काही तरी चुकलं असंल."

म्हाळसा त्याच्या शेजारी खाली बसली. "व्हय, अप्पा. माझंच चुकलं. मी आधी तागडी बघितली न्हाई."

"असं करू नये," काशाप्पा म्हणाला आणि कोकरू सोडून दिलं.

गुरुजी कुंपणाच्या काट्यांशी उभे होते. तोंड उघडलं तर कोणाचं भलं होणार, हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी ते उघडलं नाही.

काशाप्पा पोळ्याच्या आठवड्यात गेला. औषध म्हणून सुनीलकुमार हैदराबादहून जे आणत होता ते फक्त दुखणं कमी करायचं होतं. शेवटच्या दिवसांत तो बोलत नव्हता, पण मेंढरं आत आल्याचा आवाज झाला की बोटं हलवायचा. तुळजा म्हणायची, मोजायलेत.

काशाप्पाच्या तेराव्याला आलेल्या म्हाळसाला गुरुजींनी एकदाच विचारलं, ते बारा दिवस वाचले असते तर काही झालं असतं का. ती म्हणाली, "न्हाई गुरुजी. रंग चढला तेव्हाच ठरलं होतं. आधी चढला असता तरी तेच." हे तिने खरं म्हणून सांगितलं की म्हाताऱ्या मास्तराच्या जिवाला बरं वाटावं म्हणून, ते गुरुजींना कळलं नाही. मॅडमना विचारता आलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही.

मेंढरं सुनीलकुमारने विकली. चार ठेवावीत असं तुळजाचं म्हणणं होतं, पण बघणार कोण, असं सुनीलकुमारने विचारलं. वाड्याच्या जागेत आता शेजाऱ्याचा कडबा असतो.

२०१२ च्या उन्हाळ्यात गुरुजी डोळ्यांच्या तपासणीसाठी गुलबर्ग्याला गेले, तेव्हा लॅबवर जाऊन आले. म्हाळसाच्या हाताखाली आता दोन मुली काम करतात. फ्रिजला बाहेरून थर्मामीटर लावलेला आहे आणि दारावर कागदाची निळी चांदणी चिकटवलेली, तिच्यावर लाल रेघ. खाली मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत लिहिलं आहे, गोठवू नका. तिन्ही लिप्यांतलं अक्षर म्हाळसाच्या हातचं.

गुरुजी आत होते तेवढ्या वेळात एका मुलीने एक काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. म्हाळसा लांबूनच म्हणाली, "आधी कातडीची." मुलीने काच काढून दुसरी लावली.

म्हाळसा अजून त्याच लॅबमध्ये काम करते. आई तुळजा तिच्याजवळ राहते. रोज सकाळी नऊ वाजता म्हाळसा फ्रिज किती गार आहे ते वहीत लिहून सही करते.